वर सांगितले, म्हणजे झाले काय?





नृसिंहवाडीच्या पंचक्रोशीत वाढलेल्या माणसाला दोन गोष्टी वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. एक पूर आणि दुसरी गुरुभक्ती. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम आपल्या दारात आहे. पावसाळ्यात पाणी चढते, घाट बुडतो, पाणी देवळात शिरते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते; त्या दक्षिणद्वाराच्या स्नानासाठी लांबून लांबून माणसे येतात. जेथे पादुकांवरून वाहणारे पुराचे पाणीसुद्धा तीर्थ ठरते, तेथे गुरूला प्रश्न विचारणे किती कठीण आहे हे मी तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही धम्मदीक्षा घेतली. दत्त म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश यांचे एकत्र रूप असे मानतात. आणि या तिघांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, ही परमपूज्य बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी पहिलीच प्रतिज्ञा आहे. म्हणून तुम्ही पौर्णिमेला वाडीला जाणे सोडले. काही घरांत त्यावरून सासू-सुनेचा अबोला झाला, काहींचा गुरुवार सोडताना जीव घाबरा झाला. हे सोपे नव्हते. त्याबद्दल तुमचे अभिनंदन करून मग मी एक कडू प्रश्न विचारतो. घाटावरचा गुरू तुम्ही घाटावर ठेवून आलात. परंतु गुरूपुढे मान खाली घालून मुकाट बसण्याची जी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, ती कोठे ठेवून आलात?

मला वाटते ती सवय आपल्याबरोबर घरी आली आहे. फक्त तिने कपडे बदलले आहेत. आता ती गळ्यात शिट्टी आणि अंगात ट्रॅकसूट घातलेल्या माणसापुढे हात जोडून उभी राहते.

आपला जिल्हा तालमींचा जिल्हा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले. वस्तादाच्या शब्दाबाहेर पठ्ठ्याने जायचे नाही, ही येथल्या मातीची रीत. त्या रीतीने चांगले पैलवान घडले हे मी नाकारीत नाही. तालमीबरोबर आता शाळा-कॉलेजांचे क्रीडा विभाग आले. कबड्डी, खोखो, व्हॉलीबॉल, मैदानी स्पर्धा आल्या. आपल्यासारख्या भूमिहीन घरातल्या मुलाला खेळ ही निव्वळ हौस नसते. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. संघात नाव घालणारे सर, प्रमाणपत्रासाठी शिफारस करणारे सर, स्पर्धेला परगावी नेणारे सर, वसतिगृहात जागा मिळवून देणारेही सर. मुलाचे सगळे भवितव्य एका माणसाच्या मर्जीवर टांगलेले असते. म्हणून बाप कामाचा खाडा करून कॉलेजात जातो आणि म्हणतो, “सर, पोरगं तुमच्या पदरात टाकलंय. आता तुम्हीच त्याचं आईबाप.”

हे वाक्य मी अनेक घरांतून ऐकले आहे. प्रेमाने म्हणतात, विश्वासाने म्हणतात. पण आईबापपण असे कोणाच्या पदरात टाकून मोकळे होता येते काय?

तथागतांच्या चरित्रातील एक प्रसंग आठवा. बालवयाच्या राहुलला संघात प्रव्रज्या दिली गेली, तेव्हा शुद्धोदन व्याकुळ झाले. मुलगा गेला, आता नातूही गेला. त्यांनी तथागतांकडे मागणे केले की, यापुढे आईबापांच्या परवानगीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी ते मान्य केले आणि तसा नियम घालून दिला. विनयपिटकाच्या महावग्गात ही हकीकत आहे. जगातला सर्वांत पवित्र संघ, आणि त्यात मूल घ्यायचे तरी आईबापांचा अधिकार संपला असे तथागत म्हणाले नाहीत. मग एखाद्या क्रीडा विभागाची ती काय कथा!

आता मुद्द्यावर येतो. ज्या विषयाबद्दल आपल्या वस्तीत कुजबूज होते पण बोलणे होत नाही, तो हा विषय आहे: शिकवणाऱ्याने, खेळ शिकवणाऱ्याने, वसतिगृह सांभाळणाऱ्याने मुलामुलींवर केलेला लैंगिक अत्याचार, आणि ते कळूनही गप्प बसणारे आपण.

सगळे शिक्षक असे असतात असे मी म्हणत नाही. उलट बहुतेक क्रीडाशिक्षक पदरमोड करून गरिबाच्या पोराला बूट घेऊन देतात. अडचण हीच आहे की दुष्टही बूट घेऊन देतो. तो वाईट माणसाच्या वेषात येत नाही. तो सर्वांत गरीब, सर्वांत एकटे, ज्याच्या घरी भांडण आहे असे मूल हेरतो. त्याला खाऊ घालतो, किट देतो, आईबापांना आदराने बोलतो, घरी येऊन चहा पितो. मग मुलाला एखादे लहानसे गुपित राखायला लावतो. मग दुसरे. आणि जेव्हा ते मूल ओरडू पाहते तेव्हा त्याच्या लक्षात येते की आपण ओरडलो तर बूट जातील, संघातले नाव जाईल, बापाची मान खाली जाईल आणि आपल्यावर विश्वास कोणीच ठेवणार नाही.

हे केवळ आपल्याकडे घडते असेही समजू नका. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट नावाचे मोठे विद्यापीठ आहे. तेथल्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना तिकडे देवासारखे मानीत. त्यांचा जुना सहायक जेरी सँडस्की याने १९७७ साली गरीब, निराधार मुलांसाठी एक धर्मादाय संस्था काढली होती. लोक त्याला पुण्यवान समजत. त्याच संस्थेतून तो आपली सावजे निवडीत होता. १९९८ साली एका आईने तक्रार केली. चौकशी झाली, खटला झाला नाही. २००१ साली संघाच्या एका तरुण सहायकाने सँडस्कीला न्हाणीघरात एका लहान मुलाबरोबर पाहिले. त्याने दुसऱ्या दिवशी पॅटर्नो यांच्या घरी जाऊन सांगितले. पॅटर्नोंनी आपल्या वरच्या क्रीडा संचालकाला सांगितले. त्याने व विद्यापीठाच्या एका उपाध्यक्षाने अध्यक्षांशी विचारविनिमय केला. ठरले काय? तर सँडस्कीने यापुढे मुलांना विद्यापीठाच्या आवारात आणू नये! पोलिसांना कळवले नाही. बालकल्याण खात्याला कळवले नाही. त्या न्हाणीघरातला मुलगा कोण, तो कोठे आहे, कसा आहे, हे शोधायला कोणी गेले नाही.

दहा वर्षे गेली. सँडस्कीला अटक झाली ती २०११ च्या नोव्हेंबरात. पुढच्या वर्षी तो ४५ आरोपांत दोषी ठरला आणि त्याला किमान ३० वर्षांची शिक्षा झाली. पॅटर्नोंना पदावरून दूर केले, दोन-अडीच महिन्यांत ते वारले. संचालक आणि उपाध्यक्ष यांनी २०१७ साली मुलांना धोक्यात लोटल्याचा गुन्हा कबूल केला, त्याच वर्षी अध्यक्षही दोषी ठरला आणि पुढे तुरुंगात जाऊन आला.

या हकीकतीत मला सर्वांत जास्त काय टोचते, सांगू? प्रत्येकाने वर सांगितले होते. कोणी अगदीच गप्प बसला नव्हता. सहायकाने वर सांगितले, प्रशिक्षकाने वर सांगितले, संचालकाने वर सांगितले. सगळ्यांची सदसद्विवेकबुद्धी शांत झोपली, कारण प्रत्येकाने आपले ओझे वरच्याच्या डोक्यावर ठेवले होते. मूल मात्र जेथे होते तेथेच राहिले.

आता माझी गोष्ट. ती सांगायला मला लाज वाटते, म्हणूनच सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका गावी धम्मवर्ग घेत असे. वंदना झाल्यावर एक माउली मागे थांबली. तिचा मुलगा अकरावीत, कबड्डीत चपळ. तो सरावाला जाईनासा झाला होता. सरांचे नाव काढले की भिंतीकडे तोंड करीत होता. अंगावरचे कपडे धुवायला देत नव्हता. ती म्हणाली, “गुरुजी, काय करू?” मी म्हणालो, “अक्का, काळजी करू नका, मी बोलतो.” मी संस्थेच्या प्रमुखाकडे गेलो. चहा आला. त्यांनी ऐकून घेतले, दार लोटून घेतले आणि म्हणाले, “मी बघतो. तुम्ही कुठं बोलू नका, पोराचंच नाव खराब होईल.” मला ते शहाणपणाचे वाटले. मी घरी आलो आणि त्या रात्री मला चांगली झोप लागली.

मुलाने कॉलेज सोडले. इचलकरंजीत मागावर लागला. पुढच्या वर्षी त्या सरांची दुसऱ्या गावी बदली झाली, शाल-नारळ देऊन. निरोप समारंभाचे मलाही बोलावणे होते. मी गेलो नाही, आणि न जाण्यालाच मी त्या काळी धैर्य समजत होतो. नक्की काय घडले होते हे मला आजही ठाऊक नाही, कारण त्या मुलाला कोणी विचारलेच नाही. दुसऱ्या गावी आणखी किती मुले त्या माणसाच्या हाती गेली, हेही ठाऊक नाही. तो मुलगा आता बाप्या माणूस आहे. कधी भेटला तर “जय भीम” करतो. डोळ्याला डोळा देत नाही. की मीच देत नाही?

त्या वेळी आजचा कायदा नव्हता, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. पण पोलीस ठाणे होते. आणि पंचशील तर होतेच.

आपण रोज पंचशील म्हणतो. तिसरे शील कामेसु मिच्छाचाराचे, चौथे मुसावादाचे. तिसऱ्या शिलाचा अर्थ आपण नवरा-बायकोच्या निष्ठेपुरता समजतो. मज्झिम निकायातील सालेय्यक सुत्त काढून पाहा. साला गावच्या गृहस्थांना तथागत हे दुराचरण समजावून सांगतात तेव्हा ते प्रथम कोणाचे नाव घेतात? जी आईच्या राखणीत आहे, बापाच्या राखणीत आहे, भावाच्या, बहिणीच्या, नातलगांच्या राखणीत आहे तिचे. विवाहितेचे नाव नंतर येते. म्हणजे जी व्यक्ती दुसऱ्याच्या संरक्षणात आहे, तिच्यावर हात टाकणे हा या शिलाच्या भंगाचा पहिलाच प्रकार. त्या काळच्या भाषेत तेथे स्त्रियांचा उल्लेख आहे. पण जे तत्त्व लेकीला तेच लेकाला. मुलग्याला काय होते, असे म्हणणारे अजून आपल्यात आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आणि चौथे शील? त्याच सुत्तात खोटे बोलण्याचे उदाहरण तथागतांनी कोठले दिले आहे ते पाहा. बाजारातले नव्हे, घरातल्या भांडणातले नव्हे. साक्षीचे! एखाद्याला सभेत, पंचांपुढे, नातलगांत किंवा राजदरबारी बोलावून म्हणतात की, बाबा रे, तुला माहीत असेल ते सांग. तो माहीत असून माहीत नाही म्हणतो, पाहिलेले असून पाहिले नाही म्हणतो. स्वतःसाठी, दुसऱ्यासाठी, नाही तर कसल्या तरी क्षुल्लक लाभासाठी. हा मुसावाद. मी त्या प्रमुखाच्या खोलीत खोटा शब्द बोललो नव्हतो. पण नंतर कोणी विचारले, “ते पोरगं कॉलेजला का येत नाही हो?” तेव्हा मी म्हणालो होतो, “कोण जाणे.”

वस्तीत एक समज आहे की, आपण साधी माणसे, मोठ्यांविरुद्ध बोलणे आपले काम नव्हे. धम्मही मौनच शिकवतो. हा समज चूक आहे. विशाखा उपासिकेची गोष्ट विनयात आहे. एकदा ती एका घरी आमंत्रणावरून गेली असता उदायी नावाचे भिक्षू एका तरुण मुलीबरोबर आडोशाच्या जागी एकांतात बसलेले तिला दिसले. ती उपासिका, ते चीवरधारी. तिने तेथल्या तेथे सांगितले की, भन्ते, आपल्या मनात काही नसेलही, पण हे योग्य नाही. त्यांनी लक्ष दिले नाही. तिने ते पोटात ठेवले नाही. इतर भिक्षूंना सांगितले. गोष्ट तथागतांपर्यंत गेली. तथागत काय म्हणाले? बाईमाणसाचे काय ऐकता, असे म्हणाले? संघाची बदनामी होईल, असे म्हणाले? त्यांनी नियम केला, ज्याला अनियत म्हणतात. विश्वासपात्र उपासिकेने असे पाहून सांगितले आणि भिक्षूने तेथे बसल्याचे कबूल केले, तर तिने सांगितलेल्या दोषाप्रमाणे त्याचा विचार व्हावा. एका गृहिणीच्या डोळ्यांवर अडीच हजार वर्षांपूर्वी संघाचा नियम उभा राहिला! एवढेच नव्हे, तर दुसऱ्या भिक्षूचा गंभीर अपराध माहीत असून जो भिक्षू तो झाकून ठेवतो, त्यालाही दोष लागतो. पाचित्तियांत तसा नियमच आहे. झाकणारा हाही दोषी, हे आपल्या विनयाने पोक्सो कायद्याच्या कितीतरी आधी सांगितले.

येथे एक फरक ध्यानात घ्या. विशाखेने पाहिले ते अनुचित वर्तन होते, म्हणून तिने आधी त्या भिक्षूलाच सांगितले. मुलावर अत्याचार हा गुन्हा आहे. तेथे गुन्हेगाराला जाऊन आधी सांगू नका. तो मुलाला धमकावील, पुरावा नाहीसा करील. थेट पोलिसांना सांगा.

कायदा काय म्हणतो ते आता सांगतो, कारण पुष्कळ सुशिक्षितांनाही ते माहीत नसते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला पोक्सो म्हणतात, तो २०१२ सालचा. त्याच्या दृष्टीने १८ वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक आहे, मुलगी असो वा मुलगा. अकरावी-बारावीची पोरे कॉलेजात जातात, मिसरूड फुटते, म्हणून आपण त्यांना मोठी समजतो. कायदा समजत नाही. १९ व्या कलमाप्रमाणे ज्या कोणाला असा गुन्हा घडल्याचे माहीत आहे, किंवा घडेल अशी भीती वाटते, त्या प्रत्येकाने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलेच पाहिजे. कळवले नाही तर २१ व्या कलमाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. जो सद्‌भावनेने कळवतो त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. “चुकलो तर उलटेल” ही भीती बाळगून गप्प बसणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. सूड म्हणून मुद्दाम खोटी तक्रार करणे निराळे, त्याला शिक्षा आहे. प्रामाणिक शंकेला नाही.

मुख्याध्यापकांना सांगितले, प्राचार्यांना सांगितले, सरपंचांना सांगितले, म्हणजे कायद्याने सांगितलेले कर्तव्य झाले काय? नाही झाले.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ साली उघडकीस आले. वसतिगृहातील मुलींवर उपचारासाठी नेमलेल्या डॉक्टरला ते कळले असूनही त्याने कळवले नाही, असा त्याच्यावर आरोप ठेवला गेला. नागपूर खंडपीठाने त्याच्यावरील गुन्हा रद्द केला होता. शासन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. माहीत असून न कळवणे हा गंभीर अपराध आहे आणि पुष्कळदा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असे न्यायालयाने म्हटले. ज्या मुलींचे आईबाप दूर पाड्यांवर होते, त्यांना तेथे दुसरे कोण होते?

बदलापूर तर तुम्हाला आठवतच असेल. ऑगस्ट २०२४. बालवर्गातल्या दोन चिमुकल्या मुली. तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसावे लागले, मग लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, आणि शाळेने कळवले का नाही म्हणून शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला. तेथे हजारोंचा जमाव जमला हे मला समजते. पण जमाव जमण्याआधी, शाळेच्या चार भिंतींत, ज्यांना कळले होते ती माणसे किती होती? मोजकीच असतील. त्यांतल्या एकाने फोन उचलला असता तर?

आपण नदीकाठची माणसे आहोत. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी, ४३ फुटांवर गेले की धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात आपण काय केले? धोका पातळीची वाट पाहिली नाही ती घरे वाचली. जनावरे आधी सोडली, म्हातारी माणसे आधी हलवली. “पाणी आपल्या उंबऱ्याला लागल्याचा पुरावा काय?” असे कोणी विचारले नाही. कायद्यानेही इशारा पातळीलाच कळवायला सांगितले आहे. गुन्हा घडेल अशी भीती एवढेही पुरे. पुरावा गोळा करणे पोलिसांचे काम, तुमचे नव्हे. तुमचे मूल आवडीच्या खेळाला एकाएकी नाही म्हणू लागले, कोणी त्याला एकट्याला वारंवार खोलीवर बोलावू लागले, परगावच्या स्पर्धेत सर आणि मुले एकाच खोलीत झोपू लागली, मोबाईलवर रात्री निरोप येऊ लागले, घरी न सांगण्याजोग्या वस्तू मुलाजवळ दिसू लागल्या, की पाणी चढते आहे असे समजा.

तुमच्या मनात जे तीन अडसर असतात ते मला ठाऊक आहेत.

पहिला नशिबाचा. “तिच्या कपाळी होतं”, “मागच्या जन्मीचे भोग”. दीक्षा घेऊनही हे शब्द तोंडातून गेलेले नाहीत. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख येते, हा सिद्धांत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारला आहे, कारण तो मान्य केला की माणसावर होणाऱ्या अन्यायाची जबाबदारी कोणावरच उरत नाही. अत्याचार झाला तो त्या माणसाने केला म्हणून झाला. एवढेच त्याचे कारण.

दुसरा अडसर आपल्या माणसाचा. कधी तो सर आपल्याच समाजाचा असतो, चळवळीतला असतो, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असतो. “आपलाच माणूस, बाहेर बोभाटा कशाला?” मी सरळ विचारतो, ते मूल आपले नव्हे काय? आणि येथे मी आपल्या विहारांनाही सोडत नाही. शिबिरे आपणही भरवतो, श्रामणेर आपणही करतो, मुलांना रात्री आपणही ठेवून घेतो. जो नियम कॉलेजच्या सरांना, तोच चीवर घातलेल्याला आणि तोच माझ्यासारख्या “गुरुजी” म्हणवणाऱ्याला. कालाम लोकांना तथागतांनी सांगितले होते की, हा श्रमण आपला गुरू आहे एवढ्याच कारणाने काही स्वीकारू नका. ते त्यांनी स्वतःलाही वगळून सांगितलेले नाही.

तिसरा अडसर सर्वांत मोठा: अब्रूचा. “पोरीचं लग्न कसं होईल? पोराला लोक काय म्हणतील?” माझ्या मायबहिणींनो, विटाळ म्हणजे काय ते आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? ज्याने काही केले नाही त्याला अपवित्र ठरवायचे आणि ज्याने अन्याय केला तो ओवळा-सोवळा जपत उजळ माथ्याने फिरायचा, ही ती रीत. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते ही रीत मोडण्यासाठी. आणि आपणच आपल्या घरातल्या लेकराला बाटलेले समजायचे? त्याचा पेला वेगळा करावा तसे त्याचे दुःख कोपऱ्यात ठेवायचे? विटाळ सोडून आलेल्या घरात हे चालता कामा नये.

सांगणे, लिहून देणे, साक्ष देणे ही तर आपल्या चळवळीची मुळे आहेत. १९१९ साली साऊथबरो समितीपुढे उभे राहून बाबासाहेबांनी अस्पृश्यांची बाजू मांडली. पुढच्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यात माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे आपल्या लोकांना सांगितले. साक्ष देणाऱ्या माणसाला त्यांनी ओळखले होते.

सत्य बोलले तर दुखेल, मूल आणखी कोमेजेल, असे ज्यांना वाटते त्यांनी अभय राजकुमाराची गोष्ट आठवावी. तो तथागतांशी वाद करायला बसला होता आणि त्याच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. तथागतांनी विचारले की, राजकुमारा, तुझ्या किंवा दाईच्या गाफीलपणाने या मुलाने काठी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? तो म्हणाला, काढीन. सहज निघाला नाही तर डाव्या हाताने डोके धरीन आणि उजव्या हाताचे बोट वाकवून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्या मुलाची दया आहे. तथागतांचे बोलणे असे असते: खरे, हिताचे, आणि वेळ आली की अप्रियही. खडा घशात राहू देणे याला दया म्हणत नाहीत.

तर मूल सांगू लागले की ऐका. मध्ये तोडू नका, “तू तिथं गेलासच कशाला?” हे तर मुळीच विचारू नका. “मला सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही”, एवढे म्हणा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. नातेवाइकांच्या बैठकीत त्याला उभे करू नका. अंगावरचे कपडे धुऊ नका. १०९८ हा मुलांसाठीचा फोन दिवस-रात्र चालतो, पैसे पडत नाहीत, पोलिसांसाठी ११२. पोलीस ठाण्यात आपल्या हद्दीबाहेरचे आहे म्हणून परत पाठवता येत नाही. नोंदवलेल्या तक्रारीची प्रत विनामूल्य मागून घ्या. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. सरकारी असो की खाजगी, दवाखान्याने पहिले उपचार फुकट करायचे. मुलाचे नाव, गाव, शाळा छापण्याची बंदी आहे. तुम्हीही ते मोबाईलवर पसरवू नका, मोर्चाच्या फलकावर लिहू नका. आणि कोणी “मिटवून टाका, पाच-पन्नास हजार देतो” म्हणत आला तर त्याला ओसरीवरूनच परत पाठवा. हा गुन्हा मिटवता येत नाही. तुम्ही तक्रार केलीत की उलट तुम्हालाच “पैशासाठी करतात” म्हणणारे निघतील. आपल्या लोकांना ते नवीन नाही.

शाळेत सखी सावित्री समिती आहे काय, तिच्यात कोण आहे, ती कधी बसते, हे पालक सभेत विचारा. संघ परगावी निघाला की मुलींबरोबर कोणती बाई जाते, मुले कोठे झोपतात, हे विचारा. चांगला शिक्षक या प्रश्नांनी रागावणार नाही.

आमच्या विहारात गेल्या वर्षावासात एका रविवारी हाच विषय घेतला. पुरुष खाली बघत होते. एक आजी, ज्यांनी आयुष्यभर ऊस तोडला, त्या उठल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, तो नंबर मोठ्यानं सांगा, आमाला वाचता येत न्हाई.” मी सांगितला. त्यांनी तो चार वेळा म्हणून पाहिला, आणि शेजारी बसलेल्या नातीकडूनही म्हणवून घेतला. त्या दिवशी तो फळ्यावर खडूने लिहिला होता. खडू पुसला जातो म्हणून पुढच्या पौर्णिमेला पोरांनी दाराच्या आतल्या बाजूला, चपला काढतो तेथे, निळ्या रंगाने रंगवला आहे.